मंगतायारूंचं अर्धं पान

गुडिमेट्ल आंजनेयुलू पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि कादंबरीकारही होते. त्या काळी विजयवाड्यात याचं कुणाला नवल वाटत नसे. ते राहायचे त्या सत्यनारायणपुरमच्या गल्लीतच आणखी तिघे कादंबरीकार होते: एक होमिओपॅथ, एक संस्कृतचे मास्तर आणि एक सायकल दुरुस्तीवाला. फरक एवढाच, की त्या तिघांचं छापून यायचं.

आंजनेयुलूंचं परत यायचं. सात वर्षं ते स्वतःच्या नावानं लिहीत होते आणि सात वर्षं पोस्टमन जाड पाकीट डोक्यावर धरून गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत यायचा, "आंजनेयुलूगारू, आली हो तुमची लेक माहेरी!" सगळी गल्ली हसायची. आंजनेयुलू पाकीट घ्यायचे, शाई पुसट झालेली पानं पुन्हा गिरवायचे आणि तीच लेक दुसऱ्या स्थळाला पाठवायचे.

शेवटी ते एलूरू रोडवर बसवय्यांकडे गेले. बसवय्यांचं बायकांचं एक साप्ताहिक होतं आणि वर्षाला तीस-चाळीस कादंबऱ्यांची छपाई होती. त्यांना दुसऱ्या माणसाशी बोलायची सवय नव्हती. प्रश्नही तेच विचारायचे, उत्तरही तेच द्यायचे, समोरच्यानं फक्त मान हलवायची.

"गुरूगारू, कादंबरी कोण वाचतं? बायका वाचतात. बायकांना कुणाची हवी? बाईची हवी. तुम्ही बाई आहात का? नाही आहात. चूक तुमची आहे का? नाही. घरात बाई आहे का? आहे. नाव काय तिचं?"

"मंगतायारू."

"नाव जुनाट आहे. चालेल का? पळेल. सोमवारी पहिलं प्रकरण आणा."

आंजनेयुलू घरी आले. मंगतायारू अंगणात वाळवणातल्या मिरच्या परतत होत्या.

"मंगा, तुझं नाव जरा लागेल म्हणतो."

"कशाला?"

"कादंबरीवर घालायला."

मंगतायारूंनी एका हातानं कावळा हाकलला. "न्या की. इथं पडूनच आहे. तुम्ही 'मंगा' म्हणता, पोरं 'अम्मा' म्हणतात, शेजारणी 'वदिना' म्हणतात. अख्खं नाव रेशनकार्डाशिवाय कुणी वापरतच नाही."

अशी 'जी. मंगतायारू' ही कादंबरीकार जन्माला आली. कादंबरी तीच, सहा ठिकाणांहून परत आलेली. या वेळी कुणी परत पाठवली नाही.

आठ-दहा आठवडे ठीक गेले. आंजनेयुलूंचं प्रत्येक प्रकरण 'आणि तेवढ्यात दारावर थाप पडली' या वाक्यावर संपायचं. मग एका आठवड्याला कालव्याच्या कामामुळं प्रकरण आखूड झालं आणि पानं लावताना अर्धं पान उघडं राहिलं. बसवय्यांचा माणूस रविवारी सकाळी सायकलवरून निरोप घेऊन आला. निरोपही बसवय्यांच्याच आवाजात होता: "अर्धं पान रिकामं आहे. रिकामं छापू का? नाही. बाईला दोन शब्द बोलू दे. काय लिहितेय, पुस्तक कधी येतंय, काय वाचलं. दुपारी तीनला जुळारी खिळे जुळवायला बसेल. कळलं का? कळलं."

आंजनेयुलू कोरा कागद घेऊन बसले. काय लिहितेय ते सांगता आलं असतं. पण काय वाचलं? ते दुसऱ्या कुणाचं वाचतच नव्हते. दुसऱ्याचं वाचलं की आपली लेखणी बाटते, असं त्यांचं मत होतं आणि ते ऑफिसात हे मत बऱ्याचदा मांडायचे. बाराचा सुमार झाला तरी कागद कोराच.

मे महिना होता. स्वयंपाकघरात मंगतायारू आवकाय लोणच्याच्या कैऱ्या कोयीसकट फोडत होत्या. बाजूला मोहरीची पूड, तिखट, तेलाचा डबा आणि या सगळ्यापासून हातभर दूर, पाटावर उघडं ठेवलेलं पुस्तक. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या भ्रमरांबांकडचं. कडेवर वाटी ठेवून पान धरलेलं. एक घाव घालायचा, एक ओळ वाचायची.

"मंगा, हल्ली काय वाचलंस गं?"

"का? पुस्तक परत करायची तारीख गेली का?"

"नाही, सहज."

बस. तेवढंच विचारायची खोटी होती. मंगतायारू घाव घालत घालत सुरू झाल्या. "हेच बघा. हिचा नवरा तिसऱ्या प्रकरणात कलकत्त्याला जातो, अकराव्यात परत येतो. मधल्या काळात दोन पोरं काय खाऊन वाढली? घरात तांदळाचा दाणा आला कुठून? लिहिणारीनं एका शब्दानं सांगितलेलं नाही. ही नुसती खिडकीत उभी. आणि एक सांगू का? ही लिहिणारी बाई नव्हे. पुरुष आहे."

आंजनेयुलूंनी घाईघाईनं विचारलं, "कशावरून?"

"कणीक मळता मळता हिला एकदम लाज येते आणि ही पदर डोक्यावर घेते. दोन्ही हात पिठाचे! कोण बाई घेईल? पदराला लागलेलं पीठ धुणार कोण, लेखकाची आई?"

आंजनेयुलूंनी गपचूप लिहायला घेतलं. त्यांना दुसरं काही येवो न येवो, बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवता यायचं. अधिकाऱ्यांची तोंडी भाषणं टिपून टिपून हात बसला होता. "आणि आपली कादंबरी पुस्तकरूपात कधी येणार म्हणून लिहू?" त्यांनी विचारलं.

"बसवय्यागारू काय म्हणतात?"

"संक्रांतीनंतर म्हणतात."

"मग तसंच लिहा. संक्रांतीनंतर येईल, कुठल्या संक्रांतीनंतर ते त्यांनी सांगितलेलं नाही."

तीन वाजता अर्धं पान जुळाऱ्याच्या हातात होतं. वर बसवय्यांनी ठळक अक्षरांत टाकलं, 'मंगतायारू कबुर्लू', म्हणजे मंगतायारूंच्या गप्पा. पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रकरण मुद्दाम अर्धं पान आखूड मागितलं.

मग ते चालूच राहिलं. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की मंगतायारू मधल्या खोलीत पाय पसरून बसायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, आपलं पान घ्या लिहून." आठवडाभर त्या त्याचीच जुळवाजुळव करायच्या. भ्रमरांबा पुस्तकावर तारखेचा शिक्का मारता मारता बोलायच्या ते त्या हुबेहूब करून दाखवायच्या: "हे रडकं आहे" ठप्प! "हे त्याहून रडकं आहे" ठप्प! "हे घेऊन जा, यात सासू मरते" ठप्प! ते तसंच्या तसं छापून यायचं. कधी त्या एखादं वाक्य सांगून लगेच हात आडवा करायच्या. "हे नका घालू. ती बिचारीही पोटासाठीच लिहीत असेल." कधी एखादं पुस्तक खरंच आवडलेलं असायचं, तेव्हा त्यांना काही सांगताच यायचं नाही. नुसत्या म्हणायच्या, "लिहा, हे मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी भात करपला." आंध्रात कुठल्या पुस्तकापायी भात करपला हे बघून बायका भ्रमरांबांसारख्यांच्या दुकानांत नावं नोंदवू लागल्या.

आंजनेयुलूंच्या कादंबरीबद्दल त्या गप्पांत एखादी ओळ असायची. तीही मंगतायारूंचीच. "माझ्या नायिकेच्या दारावर दर आठवड्याला थाप पडते. दार उघडं का ठेवत नाही म्हणून मी तिला विचारणार आहे." आंजनेयुलूंना ती ओळ खटकायची, पण बाई स्वतःच्या पुस्तकाला हसते याचं वाचकांना भलतं कौतुक वाटतं, असं बसवय्यांनी सांगितलं होतं. राहू दिली.

पत्रं यायला लागली. आधी पाच-दहा, मग पिशवीभर. आंजनेयुलू ऑफिसातून आले की हातपाय न धुता ती फोडायचे आणि प्रत्येकात आपली कादंबरी शोधायचे. 'मंगतायारू अक्का, माझी सासूही लोणच्याच्या वेळी अशीच करते...' पान उलटायचे. '...तुम्ही सांगितलेलं ते पुस्तक इथं चिराल्यात मिळत नाही...' पुन्हा उलटायचे. अगदी तळाला, सहीच्या वर, जागा उरली म्हणून लिहावं तसं: 'कादंबरीही छान चालली आहे.' भीमवरमच्या एका बाईनं तर कळवलं होतं की गप्पांचं पान आम्ही कापून ठेवतो, मागच्या बाजूला तुमचं प्रकरण असतं, त्यामुळं ते अर्धंच राहतं, क्षमा असावी.

मंगतायारूंना पत्रं वाचून दाखवताना आंजनेयुलू हे गाळायचे. पण त्या हसत असायच्या आणि बोटांनी मोजल्यासारखं करत म्हणायच्या, "बघा तरी, कुठल्या कुठल्या गावच्या बाया! मी कधी गुंटूरच्या पलीकडे गेले नाही." चाळिशीच्या बाईचा चेहरा एवढा उजळलेला आंजनेयुलूंनी लग्नातही पाहिला नव्हता. पुढं म्हातारपणी त्यांना बाकी काही धड आठवेनासं झालं, तेव्हाही हा चेहरा आठवायचा. त्या वेळी मात्र त्यांच्या मनात आलं होतं, की कादंबरी मी लिहितो आणि उजळते ही.

तेनालीच्या महिला मंडळानं सत्कार ठरवला तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. आंजनेयुलूंनी भाषण लिहून दिलं. 'साहित्यिकाचे समाजाप्रती दायित्व' अशा मथळ्याचं, चार पानांचं. बसमध्ये त्यांनी ते मंगतायारूंकडून तीन वेळा म्हणवून घेतलं. 'दायित्व' शब्दावर त्या दर वेळी अडायच्या आणि शेजारी बसलेली कोळीण दर वेळी पुढचा शब्द सांगायची, तिचंही पाठ झालं होतं.

तेनालीत मंगतायारूंना शाल, हार आणि व्यासपीठावर लाकडी सिंहासन मिळालं. आंजनेयुलूंना पहिल्या रांगेत खुर्ची, हातात मानाचं एक लिंबू आणि मांडीवर मंगतायारूंची पर्स. मंडळाची अध्यक्षीण त्यांच्याकडे हात करून म्हणाली, "आणि अक्कांना लिहायला मोकळीक देणारे हे त्यांचे पतिदेव!" टाळ्या पडल्या. आंजनेयुलूंनी उठून नमस्कार केला. पर्स खाली पडली.

मंगतायारूंनी भाषण सुरू केलं. पहिला परिच्छेद नीट झाला. दुसऱ्याला 'दायित्व' आलं, त्या थांबल्या, समोर बघितलं. तीनशे बायका. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "हे राहू द्या. मी काय वाचलं ते सांगू का?"

मग पाऊण तास कुणी जागेवर नव्हतं. बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या, डोळे पुसत होत्या, मागच्या रांगेतली एक म्हातारी "अगं थांब, थांब, पोट दुखायला लागलं" म्हणत होती. शेवटी एका कॉलेजातल्या मुलीनं उभं राहून विचारलं, "अक्का, तुमच्या स्वतःच्या कादंबऱ्यांपैकी तुम्हाला सगळ्यांत आवडती कोणती?"

मंगतायारू रंगात आलेल्या होत्या. तोंडातून निघून गेलं. "खरं सांगू का बाळ? मी अजून एकही पुरती वाचलेली नाही. दर वेळी मधे कुठंतरी झोप लागते."

सभागृह कोसळलं. केवढी विनयी बाई, केवढी मोठ्या मनाची! अध्यक्षीण धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली. पहिल्या रांगेत आंजनेयुलू लिंबू हातात धरून बसले होते. त्या तीनशे बायकांत ते वाक्य शब्दशः खरं आहे हे कळलेले ते एकटेच होते.

परतीच्या बसनं दुग्गिराला गाव गाठलं.

"रागावलात?" मंगतायारूंनी विचारलं.

"नाही."

"तोंडातून गेलं हो. सगळ्या हसत होत्या ना, त्या भरात."

"नाही म्हटलं ना."

त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. ओरडले असते, चार दिवस जेवले नसते, पाचव्या दिवशी भांडण मिटलं असतं. पण आंजनेयुलू रागावले नाहीत. पुढच्या रविवारी मंगतायारू जेवण आटोपून मधल्या खोलीत पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "घ्या." तेव्हा ते टेबलाशी पाठमोरे बसून म्हणाले, "मी लिहिलंय या वेळचं. तू पड जरा."

त्या थोडा वेळ तशाच बसल्या. मग पडल्या.

त्या आठवड्याच्या अर्ध्या पानात होतं: 'सध्या मी साहित्यिकाच्या दायित्वाविषयी चिंतन करीत आहे.' चार पानी भाषण वाया जायला नको म्हणून आंजनेयुलूंनी ते सात आठवडे पुरवलं. अंक घरी आला तेव्हा मंगतायारूंनी उभ्या उभ्या वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. "तुमचं पान आलंय बघा छापून," म्हणाल्या आणि दूध उतू जातंय का बघायला गेल्या.

वाचक बायकांना काय कळतं, असं आंजनेयुलूंना वाटायचं. बायकांना पहिल्याच आठवड्यात कळलं. 'अक्का, घरी काही वाईट घडलं का?' 'अक्का, हे तुम्हीच लिहिता ना?' एकीनं नुसतंच लिहिलं, 'भात करपला की नाही?' मग पिशवीची थैली झाली, थैलीचं पाकीट झालं.

साताठ महिन्यांनी बसवय्यांनी बोलावून घेतलं. या वेळी त्यांनी एक प्रश्न विचारला आणि उत्तर दिलं नाही. समोरच्याच्या उत्तराची वाट बघणारे बसवय्या आंजनेयुलूंनी आयुष्यात त्या एकदाच पाहिले.

"गुरूगारू, ती बाई कुठं गेली?"

"कोण बाई?"

"कादंबरी लिहिणारी बाई तुम्ही आहात, हे मला माहीत आहे. माझ्याकडे अशा अकरा बाया आहेत, नऊ जणींना मिशा आहेत. पण त्या अर्ध्या पानातली बाई खरी होती. मला का नाही कळलं? मी ते पान वाचत नव्हतो, विकत होतो. परवा सगळी काढून वाचली. गप्पांचं पुस्तक करू. आठ फर्म्यांचं, सव्वाशे पानांचं. तिच्या नावानं. आणि पान पुन्हा तिला द्या."

"त्यात काय आहे पुस्तक करण्यासारखं?" आंजनेयुलू म्हणाले. "लोणची आणि टवाळी. त्यापेक्षा माझी नवी कादंबरी घ्या."

बसवय्यांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग कागदांत डोकं घातलं.

तरी वाटेत आंजनेयुलूंचं मन हललं होतं. पुलावर थांबून त्यांनी कालव्याच्या पाण्याकडे बघत ठरवलंही होतं, की आज विचारायचंच. ते घरी आले ते मागच्या दारानं. मंगतायारू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून वाचत होत्या. त्यांची चाहूल लागताच त्यांनी पुस्तक झटकन सुपाखाली सरकवलं आणि सुपातले तांदूळ निवडायला लागल्या.

"मंगा," आंजनेयुलू दारातच उभे राहिले. "काही वाचतेस का हल्ली?"

"कुठं हो. वेळच होत नाही."

सुपाखालून भ्रमरांबांच्या तपकिरी कव्हराचा कोपरा दिसत होता. वाकून ते पुस्तक बाहेर काढायचं होतं. हातात धरून नुसतं म्हणायचं होतं, काय गं आहे यात? दोन पावलांचं अंतर होतं.

"कॉफी टाक," ते म्हणाले.

त्यानंतर कुणी विचारलं नाही. वर्षभरात गप्पांचं पान बंद झालं. आंजनेयुलूंच्या आणखी चार कादंबऱ्या आल्या, मग टीव्ही आला, साप्ताहिक बंद पडलं, भ्रमरांबांच्या दुकानात कॅसेटी आल्या आणि पुस्तकं किलोवर गेली. आंजनेयुलू निवृत्त झाले. मुलं हैदराबादला. घरात दोघंच.

मग मंगतायारूंच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. आधी अक्षरं गेली, मग चेहरे गेले, आता नुसता उजेड-अंधार कळायचा. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याचं काही वाचलं नव्हतं तो रोज दुपारी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवू लागला. वाचता वाचता आंजनेयुलूंना सत्तराव्या वर्षी शोध लागला, की लोक किती चांगलं लिहितात! आणि काही किती भिकार लिहितात! एखाद्या ठिकाणी थांबून ते आशेनं बघायचे.

"हा नायक जरा मूर्खच वाटत नाही तुला?"

"असेल हो. असतात माणसं."

"आणि ही बाई दोन प्रकरणं नुसती रडतेय."

"काही दुःख असेल तिला. वाचा तुम्ही पुढं. छान आहे."

छान आहे. सगळंच छान असायचं. एकदा त्यांनी मुद्दाम स्वतःची पहिली कादंबरी काढली, दारावरच्या थापांसकट सबंध वाचली. एका थापेला तरी ती काही म्हणेल. शेवटच्या पानावर मंगतायारू म्हणाल्या, "छान होती. दमला असाल, पाणी प्या." त्यांना झोपही लागली नव्हती.

आंजनेयुलूंनी स्वतःची समजूत घातली, की वय झालं. माणसाचं बोलणं आटतं.

मग एके दिवशी ते भाजी घेऊन लवकर परतले. पायरीवर चपला काढत होते तोच आतून आवाज आला. शेजारची कामाक्षी आली होती, आदल्या रात्रीची टीव्ही मालिका मंगतायारूंना सांगायला. पण सांगत कामाक्षी नव्हती.

"थांब गं. तिच्या दोन मुली, बरोबर? आणि गेल्या महिन्यापासून त्यांना कुणी जेवायला वाढलेलं नाही. मी मोजतेय. डोळे गेले म्हणून काय झालं, ताट वाजल्याचं ऐकू येतं की नाही? ताट वाजतच नाही! सासूला विष द्यायला बरा वेळ आहे हिला, पोरींना भात वाढायला नाही. आणि ती सासू! ऐक कशी बोलते ती..." आणि मंगतायारू त्या सासूसारख्या बोलल्या. कामाक्षी हसून हसून खोकायला लागली. "वदिना, पुरे, मरेन मी!"

आंजनेयुलू पायरीवर एक चप्पल हातात धरून उभे होते. काही आटलं नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं, तीस वर्षांपूर्वी होतं तसंच, उलट जास्तच धारदार. फक्त त्यांच्यासाठी नव्हतं.

ते आत गेले. "आलात? बसा, दमलात," मंगतायारू म्हणाल्या, आणि कामाक्षी पदर सावरून उठली.

तेव्हापासून आंजनेयुलू भाजी लवकर आणायचे आणि पायरीवर थांबायचे. दहा मिनिटं, कधी वीस. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, म्हातारा धापा टाकतोय.

हैमवती आली ती त्याच उन्हाळ्यात. गुंटूरच्या कॉलेजात शिकवायची. हातात एक वही होती, तिच्या आईनं अर्धी अर्धी पानं कापून दोऱ्यानं शिवलेली. आई वारली होती. वहीचं छोटं पुस्तक करायचं, असं हैमवती म्हणत होती. तिनं मंगतायारूंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अक्का, आमच्या घरी रोजच्या बोलण्यात तुमची वाक्यं असायची. तुम्ही लिहिलेली..."

"मी नाही गं," मंगतायारू हात हवेत चाचपत तिचं डोकं शोधत म्हणाल्या, "लिहायचे हे."

"मी फक्त लिहून घ्यायचो," आंजनेयुलू म्हणाले.

हैमवतीनं एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"शब्द सगळे हिचे. एकूण एक. शेवटच्या वर्ष-दीड वर्षाची पानं माझी आहेत, ती काढून टाका. तुमच्या आईनं ठेवली नसतीलच."

खरंच, ठेवली नव्हती. हैमवतीनं खाली बघितलं.

आंजनेयुलूंना वाटलं होतं, हे बोलल्यावर खोलीत काहीतरी होईल. मंगतायारू म्हणाल्या, "मुलीला कॉफी विचारलीत का?"

जाताना हैमवती म्हणाली, पुस्तकाच्या शेवटी एक नवं पान हवं. अक्का आता काय करतात, काय वाचतात, जुन्या वाचकांना चार शब्द. पोस्टानं पाठवा.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर आंजनेयुलू कागद-पेन घेऊन मंगतायारूंच्या खाटेशी बसले. खुर्ची त्यांनी तिच्या बाजूला वळवून घेतली होती.

"मंगा, तुझं पान. सांग."

"काय सांगू?"

"काहीही. काय वाचलं. काय आवडलं. काय नाही आवडलं."

मंगतायारू छताकडे तोंड करून पडल्या होत्या. पंख्याला दर फेरीला एक ठोका होता, तेवढाच ऐकू येत होता. आंजनेयुलू पेन कागदाला लावून वाट बघत राहिले.

"लिहा," त्या म्हणाल्या. "विशेष काही नाही."

"अजून?"

"अजून काय. सगळं छान आहे."

आंजनेयुलूंना अर्धं पान तयार दिसत होतं. ताट वाजत नाही ते. विष द्यायला वेळ आहे ते. सासूचा आवाज. पायरीवर उभं राहून ऐकलेलं सगळं डोक्यात शब्दन् शब्द होतं. हात अजून तसाच चालत होता. वीस मिनिटांत उतरलं असतं आणि कुणी ओळखलं नसतं. हैमवतीनं तर डोळ्यांना लावलं असतं. एकदा त्यांनी 'परवा टीव्हीवर' असे दोन शब्द लिहिलेही.

ते त्यांनी खोडले. ते कामाक्षीला सांगितलेलं होतं.

त्यांनी नवा कागद घेतला आणि तिनं सांगितलं होतं तेवढंच लिहिलं. खाली लिहिलं, 'सांगितलं: मंगतायारू. लिहिलं: आंजनेयुलू.'

"झालं?" मंगतायारूंनी विचारलं. "वाचा बघू."

त्यांनी वाचलं. खालची ओळही वाचली.

"एवढंच?"

"तू मला एवढंच सांगितलंस."

खाटेवरच्या चादरीची एक सुरकुती मंगतायारूंनी बोटानं सपाट केली, मग पुन्हा केली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

बाहेरून हाक आली, "वदिना, जाग्या आहात का?" आंजनेयुलू उठले. कागद पाकिटात घातला, खुर्ची कामाक्षीसाठी तशीच वळलेली ठेवली, चपला घातल्या आणि टपालपेटीकडे निघाले.